सी-अँड-ई मॅट्रिक्समधला 'एक्स' नेमकं काय सांगतो? इंटरलॉकचं कारण-परिणाम मॉडेल कसं बांधावं?

पातळीदर्शक

नमस्कार मंडळी. एका सेपरेटर (गॅस आणि द्रव वेगळं करणाऱ्या) युनिटची कॉज-अँड-इफेक्ट, म्हणजे सी-अँड-ई किंवा कारण-परिणाम, मॅट्रिक्स लिहायची आहे. ४० ओळी, २५ स्तंभ. पद्धत नेहमीचीच: डावीकडे ट्रिप (धोका दिसताच इंटरलॉकने यंत्र आपोआप बंद करणं) देणारी कारणं, वर व्हॉल्व्ह-पंप-हीटर आणि जिथे दोघांची गाठ पडते तिथे 'एक्स'. पीएलसीचं (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाचं) लॉजिक यावरूनच लिहिलं जाणार.

चर्चेपुरत्या चारच ओळी घेतो. टॅगमधलं पीटी म्हणजे दाबाचा ट्रान्समीटर, एलटी पातळीचा, एफटी प्रवाहाचा; एक्सव्ही म्हणजे पूर्ण उघडणारा किंवा पूर्ण मिटणारा व्हॉल्व्ह.

१. पीटी-२०१ ए/बी/सी, दाब अति-उच्च, तिनातले दोन: इनलेट एक्सव्ही-२०१ बंद, हीटर बंद
२. एलटी-२०१, पातळी अति-उच्च: एक्सव्ही-२०१ बंद
३. एलटी-२०१, पातळी अति-कमी: पंप पी-२०१ बंद, डिस्चार्जचा एक्सव्ही-२०५ बंद, हीटर बंद
४. एफटी-२०५, प्रवाह अति-कमी, १० सेकंदांचा टायमर: पी-२०१ बंद

व्हेसल उभं, आतला व्यास २ मीटर. हीटर आतच बुडालेला. पंप सेंट्रिफ्युगल, ताशी ६० घनमीटर. पातळीचा कंट्रोलर एलआयसी-२०१ पंपानंतरचा कंट्रोल व्हॉल्व्ह एलव्ही-२०१ हलवतो.

अडचण अशी की दाब वाढून पहिली ओळ चालली की मागोमाग तिसरी किंवा चौथीसुद्धा चालणार. मॅट्रिक्समध्ये हे कुठेच दिसत नाही, अलार्मच्या यादीत मात्र सगळे ट्रिप एकाखाली एक लागतात. तर ही साखळी मॅट्रिक्समध्येच दाखवावी, तिचा वेगळा आलेख काढावा, की हिस्टोरियनमधल्या (मोजमापांच्या नोंदी साठवणाऱ्या सिस्टिममधल्या) डेटावरून ती शोधून काढता येते?

शिडीवाला

मॅट्रिक्समध्ये अजिबात घालू नका. मॅट्रिक्स हा करार आहे. प्रोसेसवाले, इन्स्ट्रुमेंटवाले, लॉजिक लिहिणारे आणि शिफ्टवरचा ऑपरेटर, या चौघांना एकच कागद सारखाच वाचता यावा म्हणून ती असते. आयईसी ६२८८१ हे २०१८ चं मानक खास याच मॅट्रिक्ससाठी आहे. त्यात दाबाने पातळी कशी पडते वगैरे घुसवलंत की तो करार राहत नाही, निबंध होतो.

तुमची खरी गरज फर्स्ट-आउटची आहे. पहिला ट्रिप कोणता ते नोंदवा, बाकीचे त्याच्याखाली दाबून दाखवा.

झडपकर

शिडीवाल्यांशी अर्धा सहमत. मॅट्रिक्स साधी ठेवा हे बरोबर, पण तिला 'कारण-परिणाम' म्हणताना आपण दोन वेगळे बाण एक समजतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिला बाण लॉजिकचा: दाब वाढला म्हणून व्हॉल्व्हला बंदचा *हुकूम* गेला. दुसरा बाण प्रोसेसचा: व्हॉल्व्ह खरोखर बंद झाला म्हणून आवक थांबली आणि पातळी उतरू लागली. 'एक्स' फक्त पहिला बाण सांगतो. दोघांच्या मध्ये सोलेनॉइड (हवा सोडणारी-तोडणारी विजेवरची छोटी झडप), इन्स्ट्रुमेंट एअर, अॅक्चुएटर, स्टेम (व्हॉल्व्हचा दांडा) आणि सीट एवढी मंडळी बसलेली असतात, आणि त्यातलं कुणीही अडू शकतं.

थ्री माइल आयलंड, अमेरिकेतलं अणुवीज केंद्र, २८ मार्च १९७९. प्रेशरायझरचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. पॅनेलवरचा दिवा मात्र सोलेनॉइडची वीज गेली एवढंच सांगत होता आणि ऑपरेटरांनी त्याचा अर्थ 'व्हॉल्व्ह बंद' असा घेतला. त्या मार्गावरचा ब्लॉक व्हॉल्व्ह बंद व्हायला दोन तासांहून जास्त वेळ गेला. हुकूम आणि परिणाम एकाच दिव्यात कोंबले की असं होतं.

म्हणून प्रत्येक एक्सव्हीच्या स्तंभाखाली त्याचा बंद-लिमिट-स्विच (व्हॉल्व्ह पूर्ण मिटला की लागणारा) आणि वेळ लिहा. साधारण नियम: मोजलेल्या स्ट्रोक टाइमच्या (व्हॉल्व्ह पूर्ण हलायला लागणाऱ्या वेळेच्या) दीडपट वेळात लिमिट स्विच आला नाही तर 'बंद झाला नाही' असा वेगळा अलार्म. हा अलार्म त्याच मॅट्रिक्सला पुन्हा कारण म्हणून द्यायचा का, ते प्रत्येक व्हॉल्व्हपुरतं ठरवा. एक्सव्ही-२०१ साठी मी देईन: इनलेट अडकला तर प्रवाहात त्याच्या आधीचा व्हॉल्व्ह बंद.

मंद_लूप

+१. हुकूम आणि परिणाम यांचे टॅगसुद्धा वेगळे हवेत.

हिशोबी

साखळी खरंच कशी चालते ते आकड्यांत बघू, नाहीतर सगळं हवेत राहील.

व्यास २ मीटर म्हणजे छेद ३.१४ चौरस मीटर. चालू पातळीपासून अति-कमीपर्यंत ०.८ मीटर धरू. मधलं द्रव २.५ घनमीटर. पहिली ओळ चालली, इनलेट बंद झाला.

एलआयसी मॅन्युअलमध्ये असेल तर पंप मिनिटाला १ घनमीटर उपसतच राहतो. अडीच मिनिटांत पातळी अति-कमी. तिसरी ओळ चालते. पंप थांबला की प्रवाह शून्य, १० सेकंदांनी चौथीही.

एलआयसी ऑटोमध्ये असेल तर चित्र उलटं. पातळी घसरायला लागली की कंट्रोलर एलव्ही आवळत जातो. प्रवाह ६० वरून उतरत उतरत अति-कमीच्या खाली जातो आणि चौथी ओळ *आधी* चालते, पातळी तिसऱ्या ओळीपर्यंत पोचायच्या आत.

म्हणजे मूळ कारण एकच, पण पाठोपाठचा ट्रिप कोणता ते कंट्रोलर कोणत्या मोडमध्ये आहे यावर ठरतं. एवढ्यावरून मला वाटतं वेगळा आलेख लागतोच. हे मॅट्रिक्सच्या चौकटीत मावणारं नाही.

एक विचारायचं राहिलं: पंपाला मिनिमम-फ्लो लाइन (पंपातून किमान प्रवाह राखायला काही द्रव परत नेणारी) आहे का? असेल तर एफटी-२०५ तिच्या फाट्याच्या अलीकडे की पलीकडे?

पातळीदर्शक

आहे. व्हेसलमध्येच परत येते. एफटी-२०५ फाट्याच्या पलीकडे, म्हणजे एलव्हीच्या बाजूला.

हिशोबी

मग चौथी ओळच चुकीच्या जागी मोजते आहे. एलव्ही आवळला की मिनिमम-फ्लो उघडणार, पंपातून पुरेसा प्रवाह जात राहणार, पंपाला काहीच धोका नाही. पण एफटी पलीकडे असल्यामुळे त्याला प्रवाह कमी दिसणार आणि पंप उगाच ट्रिप होणार. ट्रान्समीटर पंप आणि फाटा यांच्या मध्ये हवा.

आलेख काढल्याचा फायदा तो हाच. एफटी-२०५ पासून 'पंप तापतो' या गोष्टीपर्यंत बाण काढायला गेलं की फाटा मध्ये येतो.

आलेखी

आलेखाची सोपी रीत सांगते. प्रत्येक चल म्हणजे एक टिंब. अ वाढल्यावर ब वाढत असेल तर अधिक चिन्हाचा बाण, घटत असेल तर वजा. तुमच्या व्हेसलसाठी:

आवक → पातळी: अधिक
पातळी → एलआयसीचं आउटपुट: अधिक
आउटपुट → एलव्हीतून जावक: अधिक
जावक → पातळी: वजा

शेवटचे तीन बाण मिळून वळसा पूर्ण होतो. चिन्हांचा गुणाकार वजा, म्हणजे वळसा स्वतःला सावरणारा. मॅन्युअलमध्ये 'पातळी → आउटपुट' हा बाण पुसा. हिशोबींनी दाखवलेला फरक त्या एका पुसलेल्या बाणातून येतो. म्हणून मोड बदलणारे बाण तुटक रेषेने काढा. त्यावर लॉजिकचे बाण दुसऱ्या रंगात चढवा: पीटी-२०१ कडून एक्सव्ही-२०१ कडे, वगैरे. दोन रंग एकाच कागदावर आले की साखळी बोटाने चालवून बघता येते.

आता डेटाचा प्रश्न. नुसत्या हिस्टोरियनवरून हा आलेख काढायला जाऊ नका, तीन ठिकाणी फसाल.

एक, बंद लूप. कंट्रोलर चांगला असेल तर पातळी सरळ रेषेत असते. आवक दहा टक्के हलली तरी पातळीच्या ट्रेंडमध्ये काही नाही, सगळी हालचाल एलव्हीच्या आउटपुटमध्ये. डेटा म्हणतो पातळीचा आवकेशी संबंध नाही. खरं तर संबंध इतका पक्का आहे की कंट्रोलर तो सतत खोडत बसलाय.

दोन, समान मूळ. वाफेच्या हेडरचा दाब पडला तर त्यावरच्या दोन रिअॅक्टरचं तापमान पडतं, एकाचं २ मिनिटांनी, दुसऱ्याचं १० मिनिटांनी. हेडरचा दाब डेटात नसेल तर ग्रँजरची १९६९ ची कसोटी (एका चलाच्या मागच्या नोंदींनी दुसऱ्याचा अंदाज सुधारतो का ते बघणारी) म्हणते की पहिला रिअॅक्टर दुसऱ्याला थंड करतो. त्या दोघांना जोडणारा एक पाइपही नसतो. उपाय: पीअँडआयडीवर (पाइप आणि उपकरणांच्या आराखड्यावर) जो मार्गच नाही तो बाण आधीच वर्ज्य करा.

तीन, कॉम्प्रेशन. बदल डेडबँडच्या (ठरवून दिलेल्या छोट्या पट्ट्याच्या) बाहेर गेला तरच हिस्टोरियन बिंदू साठवतो. दोन साठवलेल्या बिंदूंमध्ये ट्रेंड सरळ रेघ ओढतो आणि बदल खऱ्यापेक्षा कितीतरी आधी सुरू झाल्यासारखा दिसतो. अशा डेटात परिणाम कारणाच्या आधी घडलेला सापडतो. कारणाचा क्रम तपासायचा असेल तर निदान त्या टॅगांचं कॉम्प्रेशन बंद करून कच्चे नमुने घ्या.

रिलेराज

दुसऱ्या मुद्द्यात भर: साधा सहसंबंध आणि ग्रँजर, दोन्ही 'बघितलं' एवढंच सांगतात. 'हलवलं तर काय होईल' हे कळायला हलवावंच लागतं. सरावासाठी टेनेसी ईस्टमन हे रासायनिक कारखान्याचं १९९३ चं सिम्युलेशन उत्तम. ४१ मोजमापं, १२ हलवता येणारी चलं, २० ठरवलेले बिघाड. तिथे मूळ कारण आधीच माहीत असल्यामुळे तुमची पद्धत कुठे चुकते ते लगेच कळतं.

मंद_लूप

हलवून बघण्याबद्दल. तापमानासारख्या लूपला स्टेप टेस्ट सरळ आहे: कंट्रोलर मॅन्युअल, आउटपुट ३ ते ५ टक्के हलवा, स्थिर होईपर्यंत थांबा. एकूण बदलाच्या २८.३ टक्क्यांना आणि ६३.२ टक्क्यांना किती वेळ लागला ते वाचा. टाइम कॉन्स्टंट (प्रतिसाद किती सावकाश आहे त्याचं माप) म्हणजे या दोन वेळांतल्या फरकाची दीडपट. ६३.२ च्या वेळेतून टाइम कॉन्स्टंट वजा केला की डेड टाइम, म्हणजे हलवल्यापासून प्रतिसाद सुरू होईपर्यंतचा वेळ.

पातळीला ही रीत लावू नका. ती स्थिर होतच नाही, चढत किंवा उतरतच राहते. तिथे उतार मोजायचा. या व्हेसलमध्ये जावक ताशी ३ घनमीटरने कमी केली तर पातळी मिनिटाला साधारण १.६ सेंटीमीटर चढायला हवी. दहा मिनिटांत १६. याहून बरीच कमी चढली तर एलव्ही तेवढा हललेलाच नाही, स्टेम चिकटतोय. मग परत वरच्या दिशेने स्टेप देऊन बघा. दोन्ही दिशांना उतारात बदल सारखा आला पाहिजे.

शिडीवाला

आलेखींचं पटलं. वेगळ्या कागदाला माझी हरकत नाही, मॅट्रिक्स स्वच्छ राहिली म्हणजे झालं. पण फर्स्ट-आउटबद्दल तपशील लिहितो, कारण तो बहुतेक ठिकाणी चुकीचा लिहिलेला असतो.

लॉजिक असं: गटाचा फर्स्ट-आउट रिकामा असेल तेव्हा ज्या कारणाचा चढता काठ (सिग्नल ० वरून १ होण्याचा क्षण) पहिला दिसेल त्याचा नंबर साठवा, रीसेटपर्यंत हलवू नका. चुका दोन. पहिली स्कॅनची. लॅडर (शिडीच्या आकारात लिहिलेलं पीएलसीचं लॉजिक) वरून खाली चालतो, अशी एक फेरी म्हणजे स्कॅन. १०० मिलिसेकंदांच्या एकाच स्कॅनमध्ये दोन कारणं आली तर वरची ओळ जिंकते, मग खरं काहीही असो. दाब-पातळीच्या साखळीत मध्ये मिनिटं जातात, तिथे चालतं. मोटर, ब्रेकर, कॉम्प्रेसर असेल तर १ मिलिसेकंदाने वेळ टिपणारं एसओई (घटनांचा क्रम नोंदवणारं) मॉड्यूल घ्या, आणि सगळ्या कंट्रोलरची घड्याळं एकाच स्रोताला बांधा.

दुसरी टायमरची. तुमच्या चौथ्या ओळीला १० सेकंदांचा टायमर आहे. प्रवाह पडला आणि चौथ्या सेकंदाला पातळी अति-कमी झाली, तर फर्स्ट-आउटमध्ये पातळी लागेल, कारण प्रवाहाचा टायमर अजून संपलेला नाही. म्हणून दोन वेळा नोंदवा: सेटपॉइंट ओलांडल्याची आणि टायमर संपल्याची. ट्रिप दुसऱ्यावर, तपास पहिल्यावर.

तिसरा_सेन्सर

'तिनातले दोन' एवढं लिहून ओळ संपत नाही. एक ट्रान्समीटर बिघडला तर? उरलेल्या दोनांपैकी एक पुरे, की दोन्ही हवेत? पहिल्याने उगाच ट्रिप वाढतात, दुसऱ्याने संरक्षण कमी होतं. हे मॅट्रिक्सच्या ओळीतच लिहा, लॉजिक लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका.

आणि 'बिघडला' म्हणजे काय तेही. नामुर एनई ४३ या ट्रान्समीटरच्या करंट-सिग्नलसाठीच्या शिफारशीप्रमाणे मोजमापाचा पट्टा ३.८ ते २०.५ मिलिअँपिअर. ३.६ किंवा त्याखाली, नाहीतर २१ किंवा त्यावर गेला तर बिघाड. आता अति-उच्च दाबाच्या ट्रान्समीटरची तार तुटली तर करंट शून्य, म्हणजे दाब 'कमी' वाचला जातो आणि ट्रिप येतच नाही. बिघाड ओळखून त्याचं मत 'ट्रिप' धरायचं हे मुद्दाम सांगावं लागतं. शिवाय तिघांत ५ टक्क्यांहून फरक पडला तर अलार्म ठेवा. कुठलाही ट्रान्समीटर पट्ट्याच्या आतच गोठून बसू शकतो. इंग्लंडमधल्या बन्सफिल्डच्या इंधन डेपोत, ११ डिसेंबर २००५ ला, टाकीचा गेज एका आकड्यावर अडकला होता, टाकी भरतच राहिली, आणि स्वतंत्र अति-उच्च स्विचही चालला नाही.

यावरून आठवलं: तुमचा एलटी-२०१ एकच आहे. दुसरी-तिसरी ओळ आणि एलआयसी, तिघंही त्याच ट्रान्समीटरवर का?

पातळीदर्शक

हो, सध्या एकच आहे.

तिसरा_सेन्सर

मग आलेखावर एलटी-२०१ हे टिंब काढा आणि त्यातून निघणारे बाण मोजा. तो खाली गोठला की कंट्रोलर एलव्ही आवळतो, पातळी चढते, आणि अति-उच्चचा ट्रिप देणाराही तोच गोठलेला. बिघाड घडवणारा आणि तो थांबवणारा एकच. ट्रिपसाठी वेगळा ट्रान्समीटर, वेगळ्या नोझलवर (व्हेसलला जोडणाऱ्या तोंडावर). एकाच नोझलवर दोन लावले तर नोझल तुंबल्यावर दोघं मिळून खोटं बोलतील.

स्कॅनटाइम

काही किरकोळ पण दरवेळी नडणाऱ्या गोष्टी.

एकाच स्तंभात दोन 'एक्स' म्हणजे 'किंवा'. 'आणि' हवं असेल तर मध्ये एक नाव दिलेली ओळ काढा, दोन्ही अटी तिथे जोडा आणि त्या ओळीचा एकच 'एक्स' लावा. नुसत्या तळटीपेतला 'आणि' लॉजिकपर्यंत पोचत नाही.

लॅच (ट्रिप रीसेटपर्यंत धरून ठेवणं) कुठे ते लिहा: कारणावर की परिणामावर. परिणामावर लॅच असेल तर पहिलं कारण गेलं आणि दुसरं अजून उभं असताना रीसेट लागता कामा नये.

रीसेट चढत्या काठावरच घ्या. बटण दाबलेलं अडकलं तर दाबलेलं असेपर्यंत चालणारा रीसेट प्रत्येक ट्रिप लगेच पुसतो. आणि रीसेटने पंप सुरू व्हायला नको, फक्त सुरू करायची परवानगी मिळावी.

पंप सुरू करताना चौथी ओळ आड येते, म्हणून स्टार्टअप बायपास (तो ट्रिप तेवढ्यापुरता बाजूला ठेवणं) लागतो. तो स्वतःहून सुटणारा हवा: प्रवाह एकदा वर गेला की, किंवा १५ सेकंदांनी, जे आधी होईल ते. हाताने काढायचा बायपास आठवणीवर चालतो.

रिलेराज

सुरू करायचा क्रम मात्र मॅट्रिक्समध्ये कोंबू नका. मॅट्रिक्सला 'आधी हे, मग ते' कळत नाही. क्रम एसएफसीमध्ये (पायऱ्यांच्या क्रमाच्या आकृतीत), ट्रिप मॅट्रिक्समध्ये, आणि ट्रिप नेहमी क्रमाच्या वर.

हिशोबी

वेळेचाही स्तंभ जोडा. दुसरी ओळ घ्या. अति-उच्च ते ओसंडणं ०.५ मीटर, म्हणजे १.५७ घनमीटर. जावक पूर्ण बंद आणि आवक ताशी ६० असेल तर ९४ सेकंद. ट्रिपची एकूण वेळ याच्या निम्म्याच्या आत बसवायची प्रथा आहे, म्हणजे ४७. ट्रान्समीटरचं फिल्टर २, टायमर ३, लॉजिक पाव सेकंद, व्हॉल्व्ह २०. बेरीज सव्वापंचवीस. बसतं. पण व्हॉल्व्ह जुना होऊन ४५ सेकंद घेऊ लागला की बेरीज ५० वर जाते. म्हणून मॅट्रिक्सवर स्ट्रोक टाइमची कमाल मर्यादा लिहा, म्हणजे देखभालवाल्यांना कधी थांबायचं ते कळेल.

आलेखी

टेस्टिंगबद्दल कुणी लिहिलं नाही. ४० गुणिले २५ म्हणजे १००० घरं. समजा १२० 'एक्स' आहेत. बहुतेक जण तेवढेच तपासतात. उरलेली ८८० रिकामी घरंही तपासायची असतात: हे कारण आल्यावर तो व्हॉल्व्ह *हलू नये*. एक कारण फोर्स करा (मुद्दाम उभं करा) आणि पंचवीसही आउटपुटांचा एकदम स्नॅपशॉट घ्या. ४० चाचण्यांत हजार घरं होतात. मग जोडीच्या चाचण्या: दोन कारणं उभी करा, एक काढा, रीसेट दाबा, परिणाम टिकला पाहिजे.

पातळीदर्शक

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. आता असं करतोय: मॅट्रिक्समध्ये फक्त लॉजिकचे बाण, लिमिट स्विच आणि कमाल वेळा यांच्यासकट. दोन रंगांचा आलेख वेगळ्या कागदावर, ऑटो आणि मॅन्युअल दोन्हींसाठी. डेटा फक्त आलेख पडताळायला. ट्रिपचा एलटी वेगळ्या नोझलवर, एफटी-२०५ फाट्याच्या अलीकडे. चौथी ओळ तीच ठेवतो: प्रवाह अति-कमी, १० सेकंद, पी-२०१ बंद.

झडपकर

चौथ्या ओळीत अजून एक 'एक्स' हवा. थांबलेला सेंट्रिफ्युगल पंप म्हणजे बंद व्हॉल्व्ह नव्हे. व्हेसलमधला दाब पुढच्या लाइनपेक्षा जास्त असेल तर पंप बंद असतानाही द्रव त्यातून वाहत राहील, आणि पहिली ओळ चालली तेव्हा दाब जास्तच असणार आहे. पातळी उतरत जाईल आणि तिसरी ओळ अडली तर गॅस थेट पुढच्या लाइनमध्ये शिरेल. उलट पुढचा दाब जास्त असेल तर द्रव मागे येईल, आणि अडवायला एकटा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. एक्सव्ही-२०५ चौथ्या ओळीतही बंद करा.

पातळीदर्शक

आलेखावर 'पंप बंद → जावक शून्य' असा बाण मी काढला होता. तो खोडला. त्या जागी 'व्हेसल आणि पुढची लाइन यांतल्या दाबाचा फरक → जावक' असा बाण एक्सव्ही-२०५ मधून नेला. चौथ्या ओळीत एक्सव्ही-२०५ चा 'एक्स' घातला.

एक शंका: पंपाला आधी थांबू द्यावं ना? व्हॉल्व्ह आधी मिटला तर पंप बंद तोंडावर फिरेल.

झडपकर

बरोबर. पंपाला हुकूम लगेच, एक्सव्ही-२०५ ला ५ सेकंदांनी. मोटर थांबल्याचा कॉन्टॅक्टरचा फीडबॅक आला की त्याआधीही चालेल. पण फीडबॅक आलाच नाही म्हणून व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका, ५ सेकंद झाले की तो मिटलाच पाहिजे. तिसऱ्या ओळीतही हाच बदल करा, तिथेही दोन्ही 'एक्स' आत्ता एकाच क्षणाचे आहेत.